एक आड एक शुक्रवार

‘कडी आतून घालायची नाही गं. उशिरा येणारीला दार ठोठावायची लाज वाटते.’

महिला मंडळ सुरू करणाऱ्या सुमनताईंनी हे सांगितलं त्याला एकतीस वर्षं झाली आणि सुमनताईंना जाऊन सहा. तरी शुक्रवारी सकाळी वाती वळायला बसलं की विजयश्रीला ते वाक्य हटकून आठवायचं, आवाजासकट. तिचा लक्षवातींचा नेम होता. रोजच्या एकशे आठ वाती झाल्याशिवाय ती पाण्यापलीकडे काही तोंडात घालत नसे. आज छप्पन्न झाल्या होत्या. पुढ्यात कापूस, शेजारी वाटीत बोट बुडवण्यापुरतं दूध, आणि दाराजवळच्या कापडी पिशवीत जुन्या सुती साडीत गुंडाळलेलं काहीतरी जड. संत तुकाराम नगरातल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात फोन वाजला तेव्हा नऊला पाच कमी होते.

“हॅलो?… हां, बोल रोहिणी… येतंय गं ऐकू. तू लिफ्टमध्ये नाहीस ना? मागच्या वेळी अर्ध्यातच तुटला होता… बरं, घरात आहेस… मी हळू बोलतेय? माझा आवाज एवढाच आहे, तीस वर्षांत सवय नाही का झाली तुला?… थांब, फोन खांद्यावर धरते. हात कापसात आहेत… हो, वातीच. बोल तू, मी वळतेय.

“कोणाचा फोन आला?… शालनबाईंचा? सकाळी सात वाजता?… मग तू काय म्हणालीस?… नाही नाही, मला राग कशाला येईल. तुलाच करणार त्या फोन. मंडळाची अध्यक्ष तू आहेस. मी आपली चिटणीस, वही सांभाळणारी… हो… हो… हं… सगळं म्हणून घे एकदा, मग मी बोलते.”

विजयश्रीनं चार वाती वळल्या तरी पलीकडचं संपत नव्हतं. रोहिणी चिडली की आधी भरभर बोलायची, मग तेच पुन्हा सावकाश बोलायची. सावकाश सुरू झालं तसं विजयश्रीनं फोन दुसऱ्या खांद्यावर घेतला.

“झालं?… आता ऐक. मी चौदा बायकांची नावं वहीत घातली, हे खरं आहे. माझ्याच अक्षरात आहेत, निळ्या शाईत, नाकारून जाऊ कुठे?… आणि सुमनताईंची समई हॉलच्या कपाटात नाही, हेही खरं… माझ्याकडे आहे… हो, घरी… चोरली काय म्हणतेस. काल शालनबाईंच्या देखत घेऊन आले. घासायला नेते म्हणाले… घासली ना. चिंच लावून घासली, मग रांगोळीनं घासली, आरशासारखी झालीये… खोटं नाही बोलले मी. पुढचं बोलले नाही, एवढंच.

“माहितीये गं मला. मंडळ सुरू झाल्यापासून समई हॉलच्या बाहेर गेलेली नाही. म्हणून तर काल जेवण गेलं नाही. देवाला दोनदा विचारून झालं. तो काही बोलला नाही, पण अडवलंही नाही.

“महाळुंग्याला नेतेय… हो, आजच. अकराला पोचायचंय तिथे… कशाला म्हणजे? मंडळाची शुक्रवारची सभा घ्यायला… हो, हो… अगं ऐक ना. आधी ऐक. शालनबाईंनी तुला निम्मंच सांगितलंय. बाकीचं निम्मं त्यांनाही माहीत नाही.

“तुला आठवतं, मागच्या वर्षी आपण मंडळात नव्या बायका याव्यात म्हणून काय काय केलं? चौकात फलक लावला. पत्रकं वाटली. हळदीकुंकवाला स्टीलचे डबे दिले… हो, डबे घेऊन गेल्या, त्या परत दिसल्या नाहीत. आणि ज्या खरंच आल्या त्या कशामुळे आल्या? पेजेमुळे… पेज गं. तांदळाची. आपण हॉस्पिटलात पेज घेऊन जातो ना, ज्यांच्याजवळ बसायला कोणी नसतं त्यांच्यासाठी. तिथे पुनम भेटली. परभणीकडची. महाळुंग्याच्या कंपनीत कामाला, तिथेच खोली घेऊन चौघी राहतात. तिच्या खोलीतली मुलगी तापानं अ‍ॅडमिट होती… हां, तीच. उंच, गळ्यात कंपनीचं कार्ड. मी पेज दिली तर ती मलाच विचारायला लागली, काकू, तुमचं मंडळ आहे का, त्यात कसं यायचं? मी म्हटलं, तुला एवढ्या लांबून कशाला गं यायचंय? तर म्हणाली, ‘गावाकडं आजारी पडलं तं दारात चार बाया येतेत. इथं सुपरवायझरचा फोन येतो.’

“…हो ना. मी पेजेवर झाकण ठेवत बसले.

“मग ती आली. पुढच्या वेळी तिघींना घेऊन आली. मग सात झाल्या, होता होता चौदा. आणि आपण काय केलं? नियम सांगितला. सलग तीन शुक्रवार यायचं, मगच वहीत सभासद म्हणून नाव. एक शुक्रवार चुकला की पुन्हा पहिल्यापासून… तुझा दोष नाही म्हणत मी. नियम सगळ्यांनी मिळून केलाय. त्या एका शुक्रवारी यायच्या, पुढच्या शुक्रवारी एकही नाही. मग शालनबाई म्हणाल्या, आजकालच्या पोरींना टिकाव नाही. आणि आपण माना हलवल्या. मीही हलवली. तू तोंडात फुटाणे होते तरी दोनदा हलवलीस.”

पलीकडे रोहिणी काहीतरी कुरकुरली. विजयश्रीनं वळलेली वात ताटलीत ठेवली आणि ओठांतल्या ओठांत आकडा म्हटला.

“बहात्तर… तुला नाही, वातीला म्हणतेय… आता पुढचं ऐक. गेल्या महिन्यात मी वार्षिक सभेसाठी वही घेऊन बसले. पुनमच्या नावापुढे बघते तर, आली, नाही. आली, नाही. आली, नाही. चार महिने. तिच्याखालची बघितली, तशीच. त्याखालची, तशीच. साडीच्या काठावर नक्षी असते ना, तशी सगळी पानभर. मी म्हटलं, टिकाव नसता तर चार महिने कशाला आल्या असत्या? वही ह्यांच्यापुढे धरली. हे पेपर वाचत होते. चष्मा वर केला, एकदा बघितलं, म्हणाले, ‘फर्स्ट शिफ्ट, सेकंड शिफ्ट.’ आणि परत पेपरात.

“…हो, एवढंच. चहासुद्धा थांबवला नाही त्यासाठी.

“कळलं का तुला? एक आठवडा पहिली पाळी. तीनला सुटतात, दोन बस बदलतात, पावणेपाचला आपल्या दारात. दुसऱ्या आठवड्यात दुसरी पाळी. आपण चारला स्तोत्र सुरू करतो तेव्हा त्या मशीनसमोर उभ्या. त्या जन्मभर आल्या तरी सलग तीन शुक्रवार त्यांच्याकडून व्हायचे नाहीत… हसतेस?… हस. मलाही आधी हसूच आलं. मग फार वाईट वाटलं. अगं, बत्तीस वर्षं मी ह्यांचा डबा पाळी बघून भरला. तू भरलास. शालनबाईंच्या घरी तर बापलेक दोघं, दोन वेगळ्या पाळ्या, दिवसातून तीनदा कुकर. पाळी म्हणजे काय हे आपल्यापेक्षा जास्त कोणाला कळणार? पण आपल्या डोक्यात पाळी म्हणजे नवऱ्याची. बाईलाही ती असेल, हे वहीनं सांगावं लागलं.

“आणि तुला एक विचारू? मंडळाची वेळ चारचीच का, आठवतंय?… नाही गं, मुहूर्त कसला. पहिल्या पाळीचे पुरुष साडेतीनला येऊन चहा पिऊन आडवे व्हायचे, आणि दुसऱ्या पाळीचे गेलेले असायचे. तेवढाच दीड तास आपल्या हातात. सुमनताईंनी पंचांग नव्हतं बघितलं, कंपनीचा भोंगा बघितला होता. तेव्हा किती जणींच्या सासवांनी नाकं मुरडली. भर दुपारी बायका कुठे चालल्या म्हणून. तुझ्या सासूबाईंनी तर तुझी चप्पल लपवली होती… हो, माळ्यावर. तू माझी घालून आलीस आणि मी अनवाणी. माझा तेव्हा श्रावणाचा नेम आहे असं सांगितलं सगळ्यांना.

“…मग? तेच म्हणतेय मी. सुमनताईंनी केलं ते धाडस, आणि आम्ही केलं की मंडळ बुडवायला निघालो?”

खिडकीतून खालच्या मोकळ्या जागेत उद्धवराव स्कूटरची सीट फडक्यानं पुसताना दिसत होते. निवृत्त झाल्यापासून ते कुठेही जायच्या अर्धा तास आधी तयार असत आणि मग वर बघत राहत. विजयश्रीनं हातानंच ‘थांबा’ अशी खूण केली.

“काही नाही, हे खाली उभे आहेत. नाशिक फाट्यापर्यंत सोडतात. तिथून चाकणची बस, आणि चाकणच्या चौकात पुनम घ्यायला येणार… ट्रॅफिक असणारच. तुझ्या वाकडला नसतं का?… हो, चारच्या वार्षिक सभेला परत यायचंय, माहितीये. त्या मुली सव्वादोनला कामावर निघतात. मी बारा-साडेबाराला निघेन… अडकले तर अडकले. माझ्याशिवाय सुरू करा. मला जे म्हणायचंय ते लिहून शालनबाईंच्या दाराखालून सरकवलंय… हो, आजच. पहाटे फुलं आणायला गेले तेव्हा. तोवर त्यांचा तुला फोन करायचा बेत झालेला असणार.

“काय लिहिलं? दीड पान आहे. सलग तीन नको, कुठलेही तीन शुक्रवार चालतील. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात मंडळानं सकाळी तिकडे जायचं, पहिल्या पाळीच्या आठवड्यात त्यांनी इकडे यायचं. वही एकच. समई एकच. आणि खाली लिहिलंय, की दिवाळीपर्यंत हे जमलं नाही तर मी चिटणीसपद सोडते, पुन्हा कधी कुठल्या पदाला उभी राहणार नाही… काय म्हणालीस?

“हो, एकोणीस वर्षं झाली त्या पदाला. म्हणून तर लिहिलं. दुसऱ्या कोणाचं काय पणाला लावणार मी? माझ्याकडे तेवढंच आहे. वही काढून घेतली तर मला शुक्रवारी दुपारी काय करायचं तेही ठाऊक नाही. पण नावं मी घातली, कोणाला न विचारता घातली, तर जोखीम माझ्याच माथी हवी.

“…विचारायला हवं होतं. हो. चुकलं ते. पण विचारलं असतं तर सभा झाली असती, सभेत समिती नेमली असती, आणि समितीनं पुढच्या वर्षी सांगितलं असतं की पोरींना टिकाव नाही.

“त्र्याऐंशी… त्र्याऐंशी की चौऱ्याऐंशी गं?… तुला कसं माहीत असणार, खरंय. जाऊ दे, एक जास्तच वळते. देवाला जास्तीची चालते.

“हां, बोल… हो, कंत्राटी आहेत. सात महिन्यांचं कंत्राट. त्यातले पाच गेले… हो, संपलं की कंपनी थांबवते आणि पोरी दुसरीकडे जातात. बरोबर आहे तुझं. हे शालनबाईंचं म्हणणं मीही रात्रभर घोळवलं. चौदांतल्या किती राहतील मी सांगू शकत नाही. पाच राहतील, कदाचित दोन. पण रोहिणी, मी पिंपरीत आले तेव्हा किती दिवसांसाठी आले होते? दोन वर्षांसाठी. ह्यांना गावाकडे दुकान टाकायचं होतं. ट्रंकेचं कुलूपसुद्धा काढलं नव्हतं मी. सुमनताईंनी मला विचारलं नाही की तू किती दिवस आहेस. विचारलं, चहात साखर किती.

“…तुला नाही विचारलं? तू बिनसाखरेचा घेतेस, तुला काय विचारणार.

“आठ जणी मंडळ सोडतील म्हणाल्या का?… शालनबाई धरून आठ. हं… नाही, धमकी नाही ती. त्या तशा बाई नाहीत. माझी आई गेली तेव्हा तेरा दिवस त्यांच्या घरून पिठलं-भात आला होता, एक दिवस खाडा नाही. त्यांना भीती वाटतेय. मंडळात त्यांच्या बरोबरीच्या किती उरल्यात? रतनबाई गेल्या, कुलकर्णीवहिनी मुलाकडे नागपूरला. आता चौदा अनोळखी पोरी येऊन बसल्या की आपलं जुनं काही उरणार नाही असं वाटत असेल त्यांना. मला नाही का वाटत? मलाही वाटतं. त्या मुली स्तोत्र फार भरभर म्हणतात.

“हॉलचं माहितीये ना तुला? सोसायटीनं लिहून पाठवलंय. या वार्षिक सभेला वहीत पंचवीस नावं नसली तर शुक्रवारचा हॉल नाचाच्या व्यायामाला. काय म्हणतात ते… हां, झुंबा. आपण आहोत एकोणीस. त्यातल्या आठ गेल्या, अकरा. अकरा आणि चौदा, झाल्या पंचवीस… हो, बरोबर पंचवीस. मला त्या आठही हव्यात गं, सगळ्या. पण देव म्हणतो, तू धीर धर, मी काठावर आणून ठेवतो.

“फक्त एक आहे… त्या अकरांत मी तुला धरलंय.”

विजयश्रीनं कापसाचा पुंजका हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. जे बोलायचं नव्हतं ते आता बोलावं लागणार, हे तिला समई पिशवीत घालतानाच कळलं होतं.

“हॅलो?… आहेस ना?… नाही, तू चिडशील म्हणून नव्हते बोलले. आपला दुसरा नियम, सलग सहा शुक्रवार कोणी आलं नाही तर नाव कमी. तुझे सात झाले, रोहिणी… मी मोजलेत म्हणून सांगतेय असं नाही. वही माझ्याकडे असते, दिसतंच.

“…नाही काढलं तुझं नाव. कसं काढणार? वहीत तुझ्यापुढे मी गैरहजर लिहिलेलं नाही… हजरही नाही लिहिलं, खोटं कसं लिहू? सातही शुक्रवार तुझ्यापुढे लिहिलंय, ‘येईल’.

“…हो. ‘येईल’. तसा रकाना नाहीये, माहितीये मला.

“…रडू नकोस गं. अगं, रोहिणी… अगं मी बोलायला नव्हतं पाहिजे… तुझ्या समर्थला वेळ नसतो, कॅब लेकालाच बोलवावी लागते, तुला ते फोनवर जमत नाही, गुडघा दुखतो. सगळं मला ठाऊक आहे. पहिले दोन शुक्रवार ते कारण होतं. मग तिसऱ्या शुक्रवारी तू रिक्षानं आली होतीस. नाही म्हणू नकोस. हॉलच्या खिडकीतून मी तुझी राखाडी छत्री बघितली. सव्वाचार वाजले होते. शालनबाईंनी कडी घातली होती, स्तोत्रात व्यत्यय नको म्हणून हल्ली चारला घालतात. मी उठून दार उघडेपर्यंत तू गेली होतीस.

“…अध्यक्षांनी ठोठावायचं कसं, असंच ना?… हं… हो… मला तेव्हा तुझ्यामागे पळायला हवं होतं. मी स्तोत्र पुरं केलं. नेम मोडायचा नाही म्हणून. तो एक नेम मोडायला हवा होता मी.

“पण दार उघडलं तेव्हा पायरीवर कोण होतं माहितीये? पुनम आणि सहा जणी… हो, त्या दिवशी जरा लवकर सुटल्या होत्या. गळ्यात कार्डं, मांडीवर डब्याच्या पिशव्या. बाहेर बसूनच आमच्याबरोबर म्हणत होत्या. आतल्यांपेक्षा सुरात. मी म्हटलं, ठोठावलं का नाही गं? तर एकमेकींकडे बघायला लागल्या. तुझं आणि त्यांचं उत्तर एकच. त्या दिवशी मी पुनमला शब्द दिला, पुढच्या दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात मंडळच तुमच्या दारात येईल. आम्ही ठोठावू, तुम्ही उघडा. त्यानंतर दुसऱ्या पाळीचे दोन शुक्रवार तसेच गेले. मला धीर झाला नाही. हा तिसरा… आज तो शुक्रवार आहे.

“…हो, त्यांनी गच्ची झाडून ठेवलीये म्हणे. सतरंजी घरमालकाकडून आणलीये. घरमालकीणही बसणार आहे, ‘आमीबी येतो’ म्हणाली. एक मुलगी तर चणे-गूळ कालच घेऊन आली, शुक्रवारचा प्रसाद हाच ना असं विचारून.

“त्र्याण्णव…

“काय?… वात कोण लावणार?… तेच तर… मी नाही लावणार. माझ्या हातानं नाही व्हायचं ते. पहिली वात अध्यक्षानं लावायची… शालनबाई लावतात ना हल्ली हॉलमध्ये, हो. पण त्यांनाही ते बरं वाटत नाही, तुला सांगते. काडी ओढताना दर वेळी म्हणतात, ‘रोहिणीच्या वतीनं.’ एकदाही चुकलेल्या नाहीत… खरंच. त्यांनी नाही सांगितलं तुला फोनवर?… नाही सांगणार त्या. तुझ्यावर रागावल्यात त्या, माझ्यापेक्षा जास्त. आठ जणींचं हे जे चाललंय ना, त्यात निम्मा राग तुझ्या न येण्याचा आहे.

“…मग न लावता ठेवीन. समई मधे ठेवू, तेल घालू, वाती घालू, आणि स्तोत्र म्हणू. पेटवायची राहील. मुलींना सांगेन, अध्यक्ष येतील तेव्हा लावतील… नाही गं, टोमणा नाही मारत. मला टोमणे जमतात का कधी?

“आठवतं ना तुला हॉस्पिटलातलं? सुमनताईंना बोलता येत नव्हतं, तर उशीखालची काडेपेटी काढून तुझ्या हातात दिली. नर्स ओरडली, इथे काडेपेटी कशी आली म्हणून. आणि तू म्हणालीस, ‘लावीन ताई, दर शुक्रवारी मीच लावीन.’ मी पायाशी उभी होते… हो… मी काही मागत नाहीये तुझ्याकडे. तू फोन मला थांबवायला केलास, मी थांबत नाहीये, एवढंच सांगायचं होतं.

“…आहे अजून तुझ्याकडे? तीच?… देव्हाऱ्यात ठेवलीस? अगं, सहा वर्षांनी पेटतील का त्या काड्या… एक ओढून बघितलीस? आत्ता?… मग?… पेटली!”

विजयश्री हसली. तिचं हसणंही आवाजासारखंच होतं, जवळ बसलेल्यालाच कळेल इतकं. खाली उद्धवरावांनी एकदाच हॉर्न वाजवला, माफी मागितल्यासारखा.

“निघते मी आता. बारा राहिल्यात, तेवढ्या वळते आणि… काय? कुठलं महाळुंगे म्हणजे? चाकणचं गं. बालेवाडीजवळचं नव्हे. समर्थच्या ऑफिसातला कोणी परवा तिकडे जाऊन बसला होता म्हणालीस ना तूच. कॅबवाल्याला चाकणचंच सांगायला लागतं, नाहीतर तो तुला भलतीकडे… एक मिनिट. तू कशाला विचारतेस?

“…उगाच?… उगाच बरं.

“शाळेच्या मागची गल्ली. पिवळी तीन मजली इमारत, खाली पिठाची गिरणी. गिरणीवाल्याला पुनमची खोली विचारलं की सांगतो… हो, जिना आहे. दोन मजले आणि मग गच्ची. गुडघ्याला… मुली आहेत ना, धरतील… तू लिहून घेतेयस का काही? पेनाचा आवाज येतोय.

“समर्थ घरी आहे का?… मीटिंगमध्ये?… मग तुला ती कॅब कोण… सूनबाईनं शिकवलं? कधी?… मंगळवारी? आणि मला तू आज… बरं, बरं, नाही विचारत.

“सत्त्याण्णव… अठ्ठ्याण्णव… अगं, ही खडखड कसली? किल्ल्या?… रोहिणी, गॅस बंद केलास का? तू नेहमी विसरतेस… हां… छत्री घे, ऊन फार आहे… काय म्हणतेस? ऐकू येत नाहीये नीट. दार लावलंस का कुठलं?… बोल की काही. हे टण्ण काय वाजलं?… रोहिणी, तू लिफ्टमध्ये नाही ना शिर…

“हॅलो?… हॅलो?… रोहिणी?… हॅलो?”

फोन तुटला होता.

विजयश्रीनं परत लावला नाही. तिनं राहिलेल्या दहा वाती एकेक करून वळल्या, मोजण्यात घोटाळा झाला होता म्हणून वर एक जास्तीची वळली, आणि सगळ्या छोट्या डबीत भरल्या. मंडळाची वही उघडून आजची तारीख घातली. रोहिणीच्या नावापुढे पेन टेकवलं, क्षणभर तसंच धरलं, आणि काही न लिहिता टोपण लावून टाकलं. देव्हाऱ्यासमोरची काडेपेटी समईबरोबर सवयीनं पिशवीत गेली होती. ती तिनं बाहेर काढून जागेवर ठेवली.

मग समईची पिशवी दोन्ही हातांनी उचलून ती जिना उतरू लागली. पितळ जड होतं आणि उद्धवराव वर बघत होते, पण तिनं घाई केली नाही.